डावा नांदेडचा, उजवा लातूरचा

मोटारींच्या बाबतीत मी मनाने हिरोशिमाचा आणि देहाने नांदेडचा आहे. हिरोशिमाला माझदाचा कारखाना आहे. तिथे १९७८ ते २००२ या काळात आरएक्स-७ नावाची स्पोर्ट्स कार तयार झाली. तिचं इंजिन रोटरी, त्यात पिस्टनच नाही. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थाच्या डोक्यातून निघालेल्या त्या इंजिनात एक तिकोनी रोटर लांबट पोकळीत गरगरत असतो आणि गरगरता गरगरताच हवा घेणं, दाबणं, पेटवणं, धूर सोडणं ही सगळी कामं उरकतो. याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत मारली. जपानी कंपनीला ती जिंकता आली ती तेव्हा पहिल्यांदा. रोटरच्या तीन टोकांना सील असतात. सील झिजली की दाब गेला आणि दाब गेला की इंजिन गेलं. म्हणून त्यांच्या वंगणासाठी हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडं थोडं तेलही जाळत राहतं. हे सारं मला तोंडपाठ आहे. आरएक्स-७ मी अजून पाहिलेली नाही.

नोकरीत मी बँकेच्या कर्ज विभागात बसतो. जुन्या गाडीवर कर्ज मागायला आलेल्या माणसाला घसारा म्हणजे काय ते समजावून सांगायचं, चहा पाजायचा आणि रिकाम्या हाताने परत पाठवायचं, हे माझं काम. मी ते चोख करतो. त्यामुळे माझ्या पगारात रोटरी बसत नाही, हा हिशेब मला दुसऱ्या कोणी करून द्यावा लागला नाही. पण हौस हिशेबाने भागत नाही. तेल जाळणारं, सीलवर जीव टांगलेलं, सुटे भाग न मिळणारं आणि घरी कोणालाच आवडणार नाही असं आपल्या ऐपतीत काय बसेल, एवढाच प्रश्न उरला. उत्तर मुखेडकडच्या एका पडक्या वाड्यात कडब्याच्या पेंढ्यांखाली सापडलं. राजदूत ३५०.

नव्या पिढीसाठी सांगतो. यामाहाची आरडी ३५० ही मोटारसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून भारतात राजदूत या नावाने बनवली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. शेजारपाजारच्या गाड्या चौथ्या गिअरमध्ये कण्हत असायच्या तेव्हा हिच्याकडे आणखी दोन शिल्लक असत. पोरांनी तिचं नाव 'रॅपिड डेथ' ठेवलं होतं. १९८५ साली हिरो होंडा लिटरला ऐंशी किलोमीटरची भाषा करत बाजारात आली आणि वीस-पंचवीसचं अॅव्हरेज देणाऱ्या राजदूतचा बाजार उठला. दशक संपता संपता तिचं उत्पादनही संपलं. ज्यांनी ती तेव्हा विकून टाकली ते आज हळहळतात. ती आता विकत घेणारे आम्ही का हळहळतो, ते पुढे येईल.

किंमत लिहीत नाही, कारण हा अंक घरीही येतो. टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा आमच्या सौ. बाल्कनीत उभ्या होत्या. "अहो, भंगारवाला वर का येतोय?" एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की ही एअर कूल्ड आहे, हिला पाणी लागत नाही. सौ. लातूरच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या माहेराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा पाणी न पिणाऱ्या वस्तूबद्दल त्या घरात आदर असणार, असा माझा अंदाज. "मग काय पिते?" त्यांनी विचारलं. पेट्रोल, आणि त्याबरोबर टूटी ऑइल. "दोन्ही?" त्या आत गेल्या.

आता या इंजिनाची गंमत पाहा. दोन सिलिंडर म्हणजे एकच इंजिन असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांचं सगळं वेगळं. डाव्याचा कार्बोरेटर वेगळा, उजव्याचा वेगळा. पॉइंट वेगळे, कॉइल वेगळी, सायलेन्सर वेगळे. सिलिंडरचे ओतीव ठोकळेसुद्धा सुटे. एकाच स्वयंपाकघरातल्या दोन जावांसारखे ते एका क्रँकवर नांदतात, आणि एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील. डावीकडचं सील गेलं की तिथून बाहेरची हवा आत जाते. पेट्रोल कमी, हवा जास्त, त्यामुळे डावा पिस्टन तापतो आणि फुगून जाम होतो. उजवीकडे क्लच आणि गिअरबॉक्स. तिथलं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून घेतं आणि उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर काढतं. माझ्याकडे दोन्ही होतं.

पहिला नंबर डाव्याने लावला. मे महिन्यातली दुपार, पारा बेचाळीसच्या पुढे, मी अर्धापूरकडून येत होतो. आसना नदीच्या पुलावर इंजिनाने एकदा 'च्याँव' असा आवाज काढला आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. मी मात्र थांबलो नाही. तसाच थोडा पुढे गेलो. एका ट्रकवाल्याने काच खाली करून "जिंदा हो ना?" असं विचारलं. मी होय म्हणालो. "और गाडी?" या प्रश्नाचं उत्तर मिळवायला आम्ही देगलूर नाक्यावर गेलो.

तिथले चाचा म्हणजे नांदेड घराण्याचे शेवटचे गवई. त्यांच्या दुकानाला पाटी नाही आणि त्यांना मीटर-गेज यांचं वावडं आहे. गाडी आली की ते आधी स्टुलावर बसतात, डोळे मिटतात आणि पोराला किक मारायला सांगतात. माझी जाम झालेली गाडी थंड झाल्यावर कशीबशी फिरली, तिने दोन ठिणग्या दिल्या आणि ती विझली. तेवढ्यावर चाचांनी निदान केलं.

"साब, लेफ्ट हवा खारा. राइट तेल पीरा."

एक हवा खातो, दुसरा तेल पितो आणि बिल मी भरतो. या संसारातलं माझं स्थान तिथेच ठरलं. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, विषय रोटरीच्या सीलचा होता, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "साब, तुमे बीच में नक्को बोलो. उसकू बोलने दो." 'उसकू' म्हणजे इंजिनाला.

सील इथे मिळणार नव्हती. जुन्या गाड्यांचे भाग दिल्लीत करोल बागेत मिळतात, आणि दिल्ली बऱ्याच लोकांना दूर वाटत असली तरी नांदेडकरांना वाटत नाही. हुजूर साहिबमुळे आमच्याकडून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते आणि ती दिल्लीवरून जाते. बँकेतले माझे एक सरदारजी सहकारी नातेवाइकांना भेटायला निघाले होते. त्यांनी मोठ्या मनाने यादी घेतली. परतताना त्यांच्या पिशवीत घरच्या पिन्नीचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सील असं दोन्ही होतं. पिन्नी उत्तम होती. सीलच्या पुडक्यातून दोन्ही सील डावीच निघाली.

चाचांनी इंजिन उतरवून त्याच्या दोन फाळी केल्या होत्या. डावं सील नवं बसलं, उजवीकडे जुनंच राहिलं. डावा सिलिंडर मोठा करून घेतला. मूळ बोअर ६४ मिलिमीटर. पाव मिलिमीटरने वाढवून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवला. पिस्टन सैल की घट्ट, हे चाचांनी तो तेलात बुडवून, सिलिंडरमध्ये सोडून, तो किती सावकाश उतरतो ते पाहून ठरवलं. पाहून म्हणजे ऐकून. गाडी सुरू झाली. डावीकडून असा गोड आवाज आला की रस्त्यावरचे दोन रिक्षावाले थांबले. उजवीकडून पांढरा धूर आला आणि ते पुढे गेले.

उजव्या बाजूसाठी मी सासुरवाडीचा आधार घेतला. सासऱ्यांना जावयाचा हा छंद आवडत नव्हता, पण जावई नांदेडहून मिस्तरी शोधत लातूरला येतो हे त्यांना फार आवडलं. नांदेड आणि लातूर यांच्यातलं प्रेम वाचकांना ठाऊक असेल. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. इकडून शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, तिकडून निलंगेकर आणि विलासराव. महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावर २००९ साली मोर्चे निघाले आणि तो वाद अजून खुंटीवर लटकलेला आहे. सासरे चष्मा पुसत म्हणाले, "जावईबापू, नांदेडला अर्धं काम झालं म्हणायचं. उरलेलं लातूर करील."

बार्शी रोडला त्यांच्या ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत. हे लातूर पॅटर्नचे. मामांचं टेबल स्वच्छ, मायक्रोमीटर डबीत, हातात वही. सिलिंडर त्यांनी वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला. आकडे वहीत उतरवले. मग डाव्या बाजूचं हेड काढून तो सिलिंडरही मोजला, जो मोजायला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाव्हणं, हे कुणी केलंय?"

नांदेडला, चाचांनी.

"कशानं मोजलंय?"

मी खरं ते सांगितलं. कानाने.

मामांनी वही मिटली. "कानानं बोर करत असत्यात व्हय? मग आमी काय डोळ्यानं गाणं ऐकावं?" पण मापं पुन्हा पाहिल्यावर ते गप्प झाले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट जितकी हवी तितकीच होती. हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

उजवा सिलिंडर जास्त झिजलेला होता. त्याला अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज लागला. सील बसलं. त्यानंतर परीक्षा सुरू झाल्या. गाडी दहा मिनिटं चालवून आणायची, मामांनी प्लग काढून रंग पाहायचा, शेरा द्यायचा, जेट बदलायचं, पुन्हा चालवायची. प्लग काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, पिठूळ तपकिरी असेल तर पास. या सराव परीक्षांत मी लातूरचे सगळे रस्ते पाहिले. गंजगोलाईत तर मुक्कामच पडला म्हणायचा. १९१७ सालची ती गोल बाजारपेठ, मधे देवीचं मंदिर आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. संथ चालवली की टू-स्ट्रोकचे प्लग काजळी धरतात, आणि अॅक्सिलरेटर सोडला तर गाडी बंद पडणार. थांबायचं नाही आणि पळवायलाही जागा नाही, तेव्हा मी गोलाईला प्रदक्षिणा घालत राहिलो. आयुष्यभर रोटरीचं स्वप्न पाहिलेल्या माणसाचं एवढं समाधान होऊ शकेल असं वाटलं नव्हतं. शेवटी एक बांगडीवाली बाई ओरडली, "दादा, कुठं जायचंय सांगा की, रस्ता दावते!"

गाडी नांदेडला परत आणली तेव्हा चाचांनी डोळे मिटून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "साब, ये राइटवाला गाता नै. हिसाब बोलता." त्यांनी उजव्याचा कार्बोरेटर अर्धा पेच फिरवला. पुढच्या वेळी लातूरला मामांनी तो अर्धा पेच परत फिरवला आणि जाता जाता डाव्याला पाव पेच कसला. हे असंच चालू राहिलं. त्यांची एकमेकांशी भेट नव्हती, फोन नव्हता. दोघांचा संवाद त्या पेचांतून चाले आणि निरोप पोचवायचं काम, दर फेरीला टाकी भरून, मी करत असे.

मधल्या काळात एकदा बँकेत वेळ होता म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. स्ट्रोक दोघांचा ५४ मिलिमीटर. डाव्याचा बोअर आता ६४.२५, उजव्याचा ६४.५०. म्हणजे नांदेडचा सिलिंडर १७५ सीसी आणि लातूरचा १७६.४. सुमारे १.४ सीसी लातूरला जास्त गेले. ही गोष्ट मी नांदेडमध्ये आजवर फोडलेली नाही. आंदोलनं याहून लहान गोष्टींवरून झाली आहेत.

मग माळेगावची यात्रा आली. लोहा तालुक्यातलं माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे आणि मार्गशीर्षाच्या शेवटी तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा मोठा बाजार. कुस्त्या, तमाशा, पाल ठोकून राहिलेले लोक. आता देवाच्या दारात वाहन नेलं आणि त्याची पूजा झाली नाही असं होत नाही. एका भाविकाने 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत माझ्या राजदूतवर मुठीमुठीने भंडारा उधळला. टाकी, सीट, हँडल, मी, सगळे पिवळे झालो. मोठ्या प्रसन्न मनाने मी लातूरकडे निघालो आणि यात्रेची गर्दी मागे पडते न पडते तोच गाडी बंद पडली. दोन्ही सिलिंडर एकदम. थोडा वेळ थांबून किक मारली तर पहिल्या झटक्याला सुरू, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. आजवर एक रुसला की दुसरा ओढून न्यायचा. दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गाडी ढकलत परत बाजारात आणली. चाचांना फोन केला. ते पोराला घेऊन टेम्पोने निघाले. मामा यात्रेतच सापडले, कारण खंडोबा त्यांचं कुलदैवत. ती वाट पाहण्याची वेळ मी गाढवांच्या बाजारात काढली. एक व्यापारी गाडीभोवती फिरला. जनावर पारखायची सवय. त्याने हेडलाइट दाबून पाहिला, सीट दाबून पाहिली.

"किती दाती हाय?"

मी म्हणालो, सहा गिअर आहेत.

"म्हंजी सहादाती. पाणी किती पितंय?"

पाणी पीत नाही. तेल पितं.

"अन् पेट्रोल येगळं?"

वेगळं.

त्याने आपल्या गाढवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, हे उकिरड्यावर भागतंय. देऊ का बदल्यात? वर पैसे नगं."

चाचा आणि मामा समोरासमोर आले. इतके दिवस एकमेकांच्या पेचांवर जगलेली माणसं. मला वाटलं आता ठिणगी पडेल. दोघांनी अतिशय अदबीने नमस्कार-सलाम केला आणि प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू आधी उघडायचा आग्रह धरला. "पैले आप देखो." "नाही, तुमी वडीलधारे." मग दोन्ही प्लग निघाले, दोन्ही पास. पॉइंट घासले. कॉइल बदलून पाहिल्या. कार्बोरेटर खाली उतरले आणि भंडाऱ्यात ठेवले गेले. चाचांनी ऐकलं, मामांनी मोजलं. भोवती घोड्याच्या शर्यतीला असावी एवढी गर्दी जमली आणि मी तिच्या बाहेर ढकलला गेलो. आत काय चाललंय ते मला एक फुगेवाला सांगत होता.

उलगडा केला चाचांच्या पोराने. पेट्रोल आहे का ते पाहायला त्याने टाकीचं झाकण उघडलं तेव्हा आतून 'फुस्स' असा आवाज आला. झाकण उघडं असताना गाडी चालायची, लावलं की थोड्या वेळाने मरायची. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तितकी हवा वरून आली पाहिजे, नाही तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल जागेवर थांबतं. त्या भोकात टूटी ऑइलचा चिकटा होता आणि त्यावर भंडारा गच्च बसला होता. नांदेडची चूक नव्हती, लातूरची चूक नव्हती. काम मल्हारीचं होतं आणि त्याच्याकडे तक्रार करायची कोणाची छाती नव्हती. मामांनी कानाला हात लावला. चाचांनी पिनेने भोक साफ केलं आणि पिवळी पूड खाली न टाकता कागदात बांधून मामांच्या हाती दिली.

मग चहा झाला. चाचा मामांना म्हणाले की उजव्याचं माप फार साफ आहे. मामा म्हणाले की डावा नुसत्या कानावर इतका बरोबर कसा बसवला, ते एकदा दुकानात येऊन शिकायचं आहे. दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. गाडीच्या पुढच्या कामाचं वेळापत्रक तिथेच ठरलं. दर वर्षी यात्रेत दोघांनी मिळून बघायची. मी मधे विचारलं, मालक या नात्याने माझ्याकडे काय काम? दोघे थोडा वेळ विचारात पडले. "हात नक्को लगाव," चाचा म्हणाले. मामांनी मान डोलावली. पहिलं संपूर्ण एकमत.

निघताना मी सांगितलं की तिसरा गिअर मधूनच निसटतो. मामा म्हणाले, गिअरबॉक्स हे नांदेडचं काम. चाचा म्हणाले, नै नै, लातूरवालेच करें. गिअरबॉक्सची जबाबदारी घ्यायला दोन्ही जिल्हे तयार नाहीत असं दिसल्यावर मामांनी उदगीरच्या एका कारागिराचं नाव काढलं आणि चाचांनी ते लगेच मान्य केलं. आता पुढची खेप तिकडे. उदगीरकर कितीतरी वर्षं वेगळा जिल्हा मागतायत आणि अजून त्यांना मिळालेला नाही. निदान गिअरबॉक्स तरी त्यांच्या पदरात पडू दे.